जगाच्या पडद्यामागचे सूत्रधार म्हणून ज्याची चर्चा होते, त्या इल्युमिनाटी या गुप्त मंडळाचा संस्थापक नक्की कोण होता? तो खरंच जगावर राज्य करायला निघाला होता का? आणि डॉलरवरचा डोळा त्याचाच ना?

विद्यापीठातला एक चिडका कायद्याचा प्राध्यापक होता. जगाचं राहू द्या, त्याला स्वतःच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात हवी ती पुस्तकंसुद्धा आणवता आली नाहीत.

एका रॅपरने हातांनी केलेला त्रिकोण म्हणजे इल्युमिनाटीची खूण, असं सांगणारा वीस मिनिटांचा व्हिडिओ माझ्या भाच्याने पाठवला, तेव्हापासून मी या गृहस्थाच्या मागे लागलोय. खरी गोष्ट व्हिडिओपेक्षा मजेशीर निघाली.

आडाम वाइसहाउप्ट. जन्म ६ फेब्रुवारी १७४८, जर्मनीच्या बव्हेरियातलं इंगोलश्टाट. वडील तिथेच कायदा शिकवायचे. हा पाच वर्षांचा असताना गेले. शाळा जेझुइट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांची, पण बाप्तिस्म्याचे धर्मपिता होते इकश्टाट नावाचे सुधारकी विचारांचे प्राध्यापक, आणि त्यांच्या कपाटात पाद्र्यांना न चालणारी पुस्तकं भरपूर. पोरगा दोन्हीकडून शिकला. पुढचं सगळं यातूनच निघतं, असं माझं मत.

१७७३ मध्ये पोपनेच जेझुइट संघ बरखास्त केला. चर्चच्या कायद्याचं अध्यासन तोवर जेझुइटांकडेच असायचं. ते या पंचविशीतल्या तरुणाला मिळालं. संघ गेला तरी माणसं तिथेच होती. पगारावरून, पुस्तकांवरून, नेमणुकांवरून रोजची खडाखडी. आपल्याकडे कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसलेल्या कुणालाही हे वातावरण समजावून सांगावं लागणार नाही.

फ्रीमेसन या जुन्या गुप्त बंधुमंडळात शिरावं असं त्याच्या मनात आलं होतं, पण वर्गणी परवडेना. मग १ मे १७७६ रोजी चार विद्यार्थी घेऊन त्याने स्वतःचंच मंडळ काढलं; तेच हे इल्युमिनाटी. काम काय? ठरवून दिलेली पुस्तकं वाचायची, स्वतःला सुधारायचं आणि हळूहळू सरकारी खुर्च्यांवर आपली शहाणी माणसं बसवायची. हा शेवटचा भाग निरुपद्रवी नव्हता, हे मान्य करायला हवं.

गंमत पद्धतीत आहे. ज्या जेझुइटांचा त्याला एवढा तिटकारा, त्यांचीच शिस्त त्याने जशीच्या तशी उचलली. वरिष्ठांची आज्ञा निमूट पाळायची, दर महिन्याला सीलबंद पाकिटात स्वतःच्या मनाचा हिशेब द्यायचा, वर सोबत्यांवरही नजर ठेवायची. प्रत्येकाला टोपणनाव: हा स्वतः स्पार्टाकस, त्याचा उजवा हात त्स्वाक हा कॅटो. म्युनिक म्हणजे अथेन्स, ऑस्ट्रिया म्हणजे इजिप्त. आणि पत्रांवर तारीख यज्दगर्दी सनाची! होय, इ. स. ६३२ पासून मोजला जाणारा, मुंबईचे पारशी आजही वापरतात तोच. वरच्या पायऱ्यांना झरथुष्ट्राच्या अग्निपूजेचा साज चढवायचा बेत त्याने पत्रात लिहिलाय, आणि हा धर्म आता हिंदुस्थानातच उरलाय, अशी टीपही जोडलीय. बव्हेरियाबाहेर फारसा न गेलेला माणूस हा.

आता 'वरच्या पायऱ्या' म्हणाल तर त्या नव्हत्याच. १७८० मध्ये क्निगे नावाचा उमराव आला. जर्मनीत शिष्टाचाराच्या पुस्तकाला आजही ज्याचं नाव देतात, तोच. त्याने भराभर माणसं आणली आणि वरची रहस्यं कधी सांगता म्हणून तगादा लावला. शेवटी वाइसहाउप्टला कबूल करावं लागलं की ती अजून लिहायचीच आहेत. मग क्निगेनेच बसून बरीचशी लिहून काढली! मंडळ फुगलं, सभासद जास्तीत जास्त दोन-अडीच हजारांपर्यंत गेले असावेत. यादीत जर्मन महाकवी गटेसुद्धा आहे. पण दोघांचं पटेना आणि १७८४ मध्ये क्निगे बाहेर पडला.

त्याच वर्षी जूनमध्ये बव्हेरियाचा शासक कार्ल थिओडोर याने विनापरवाना मंडळांवर बंदी घातली. मार्च १७८५ मध्ये इल्युमिनाटींचं नाव घेऊन. पण त्याच्या आधीच, फेब्रुवारीत, वाइसहाउप्टची नोकरी गेली होती. कारण? धर्मावर शंका घेणाऱ्या पिएर बेल या फ्रेंच विचारवंताचा कोश ग्रंथालयाने विकत घ्यावा हा त्याचा आग्रह. तो रेगेन्सबुर्गला निघून गेला. तिथे जुलैमध्ये त्याच्यासोबतच्या लान्झ या पाद्र्यावर वीज कोसळली आणि तो मेला. त्याच्या कपड्यांच्या अस्तरात शिवलेले गुप्त कागद सापडल्याची कथा मात्र मागाहून चिकटवलेली आहे.

खरे कागद १७८६ मध्ये त्स्वाकच्या घरावरच्या छाप्यात मिळाले आणि सरकारने ते सरळ छापून टाकले. गुप्त मंडळ चालवायचं आणि सगळं लिहून ठेवायचं, प्राध्यापकाची खोड! वाइसहाउप्टच्या मेव्हणीला त्याच्यापासून दिवस गेले होते आणि गर्भपातासाठी त्याची खटपट चालली होती, तीही पत्रं त्यात निघाली. पहिली बायको वारल्यावर तो याच मेव्हणीशी लग्न करण्यासाठी चर्चच्या परवानगीची वाट बघत होता; पुढे लग्न झालंही. अब्रू गेली ती गेलीच.

मग जग चालवण्याची गोष्ट कुठून आली? फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९७ मध्ये, एडिंबराचे प्राध्यापक रॉबिसन आणि फ्रेंच पाद्री बारुएल यांनी क्रांतीचं खापर या बुडालेल्या मंडळावर फोडलं. हे बारुएल पूर्वाश्रमीचे जेझुइट. जेफरसन या अमेरिकी नेत्याने १८०० मध्ये एका पत्रात उलट लिहिलं की अमेरिकेत असता तर या माणसाला लपूनछपून काही करायची गरजच पडली नसती.

वाइसहाउप्ट तोवर गोथाच्या ड्यूकच्या आश्रयाला गेला होता. मी तसा नव्हतो, हे सांगणारी पुस्तकं लिहिली, कांटशीही वाद घातला. १८ नोव्हेंबर १८३० रोजी, ८२ व्या वर्षी तिथेच वारला.

डॉलरबद्दल: पिरॅमिडवरच्या डोळ्याची ती राजमुद्रा अमेरिकेने १७८२ मध्ये स्वीकारली, नोटेवर ती १९३५ मध्ये आली, आणि तिच्यावरचं १७७६ हे साल स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं. वाइसहाउप्टच्या मंडळाचं चिन्ह डोळा नव्हतंच; ते होतं मिनर्व्हा या रोमन विद्यादेवीचं घुबड. हे मी भाच्याला सांगितलं. त्याने लगेच एका डॉलरच्या कोपऱ्याचा फोटो मोठा करून पाठवला: "मामा, हे बघ, घुबड!"