पर्यावरणपूरक लग्न करायचं तर केटररचं 'ग्रीन पॅकेज' घ्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात पुण्यात मुलीचं लग्न आहे, माणसं साधारण ५००. लग्नात कचरा होऊ नये हा मुलीचा हट्ट. केटररने सुपारीच्या प्लेट्स, कागदी कप आणि कापडी सजावट असं 'ग्रीन पॅकेज' पानामागे जादा पैसे लावून सांगितलंय. ते घ्यावं का, आणि आणखी काय करता येईल?

पॅकेज घेऊ नका. त्यातले थोडे पैसे भांडी घासणाऱ्या बायकांना वाढवून द्या, त्याचा उपयोग जास्त होईल.

मी पुण्यातल्या एका मंगल कार्यालयाचं स्वयंपाकघर आणि हिशेब बघते. त्यामुळे लग्न मला मागच्या बाजूने दिसतं. पुढे मंगलाष्टकं चालू असतात तेव्हा मागे मोरीजवळ रिकामी पिंपं लावून ठेवलेली असतात, आणि तीन वाजेपर्यंत ती भरतात. त्यांत डोकावलं तर प्लेट्सचा प्रश्न किती छोटा आहे ते कळतं. तळाशी मसालेभात, त्यावर पनीरची ग्रेव्ही, पुऱ्यांचे तुकडे, दुसऱ्यांदा आग्रहाने वाढलेली आणि एक घास खाऊन टाकलेली जिलबी. वर पास्त्याच्या काउंटरवरच्या वाट्या, बहुतेक अर्ध्या. वरण-भात आणि बटाट्याची भाजी त्यात फारशी दिसत नाही. लोक जे रोज खातात ते संपवतात आणि जे 'बघू तरी' म्हणून घेतात ते टाकतात, असं माझं निरीक्षण आहे.

तेव्हा लग्नाचा खरा कचरा म्हणजे अन्न. ते पिकवायला लागलेलं पाणी, खत, डिझेल, वर सिलिंडर, हे सगळं त्या पिंपात जातं. कचरा डेपोत ते दाबून पडलं की हवेविना कुजतं आणि मिथेन हा पृथ्वी तापवणारा वायू सोडतं. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या उरावर पडला आहे. तिथल्या लोकांनी त्यासाठी किती आंदोलनं केली ते तुम्हाला ठाऊक असेल. तिथे सुपारीची प्लेट गेली काय आणि स्टीलच्या ताटातलं उष्टं गेलं काय, खाली राहणाऱ्याला वास तोच.

म्हणून पहिलं काम केटररबरोबरच्या करारात करायचं. केटरर 'किती पानं?' विचारतो आणि त्यावर मिनिमम गॅरंटी लावतो. म्हणजे ५०० सांगितलीत आणि ४०० जेवली तरी बिल ५०० चं. यजमान घाबरून आकडा वाढवून सांगतो, केटरर त्यावर स्वतःचा थोडा धरतो, आचारी आपला आणखी थोडा. कारण जेवण कमी पडलं तर नाक कापलं जाईल ही भीती तिघांनाही असते. तीन भीत्यांची बेरीज पातेल्यात शिजते. तुम्ही गॅरंटी मुद्दाम कमी ठेवा आणि वरच्या पानांचा दर आधी ठरवून घ्या. बहुतेक केटरर ऐकतात, फक्त लेखी घ्या.

कमी पडलं तर काय, यालाही उपाय आहे. जास्तीचं अन्न शिजवून ठेवण्याऐवजी शिधा काढून ठेवायला सांगा. तांदूळ धुऊन नव्हे, कोरडेच. तूरडाळ, बटाटे, कांदे, कणीक बाजूला. दुसरं पातेलं चढवायचं की नाही हे पहिलं पाऊण संपल्यावर ठरवायचं, आणि ते कोण ठरवणार त्या माणसाचं नाव आधी पक्कं करायचं. वरण-भाताला अर्धा-पाऊण तास पुरतो. पुऱ्या आणि जिलबी तर खेपेखेपेनेच तळायच्या असतात, फक्त आचाऱ्याला दोनच्या आत मोकळं व्हायचं असतं म्हणून तो सगळा घाणा एकदम काढून ठेवतो. त्याला तासभराचे जादा पैसे द्या. कोरडा शिधा दुकानदार परत घेतो किंवा एखाद्या वसतिगृहाला दुसऱ्या दिवशीही देता येतो. शिजलेला मसालेभात संध्याकाळपर्यंत कुणाला द्यायचा म्हटलं तरी जीव धास्तावतो.

पदार्थ कमी करा हे सांगायला मला संकोच वाटत नाही. एक गोड, दोन भाज्या, कोशिंबीर, मसालेभात, वरण-भात, पुरी, मठ्ठा यात लग्न उत्तम होतं. चायनीज, चाट, पास्ता यांचे काउंटर जोडले की माणसाचं पोट वाढत नाही, प्रत्येक पदार्थाचा उरलेला भाग मात्र वाढतो.

पंगत की बुफे? माझं मत पंगतीला, पण एका अटीवर. वाढप्यांना आधीच सांगायचं: थोडं वाढा, पुन्हा पुन्हा फिरा, आणि 'नको' म्हटलं की पुढे चला. आपल्याकडे आग्रह म्हणजे प्रेम, हे मला मान्य आहे, पण तो घरच्या चार माणसांनी करावा. पगारी वाढप्याने ताटात न विचारता टाकलेल्या चौथ्या जिलबीत प्रेम कसलं? बुफेच ठेवायचा असेल तर ताटं मध्यम आकाराची ठेवा आणि भात शेवटच्या टेबलावर. सुरुवातीलाच भात असला की तो डोंगरासारखा घेतला जातो.

आता माणसं मोजायची. पत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार' छापून वर 'नक्की किती येताय?' विचारणं आपल्याकडे बरं दिसत नाही. त्यासाठी दोन्हीकडची एकेक मावशी किंवा काकू नेमा. त्या फोन करतात, ख्यालीखुशाली विचारतात आणि बोलता बोलता 'मुलं येतायत ना गं?' करून आकडा काढून आणतात. व्हॉट्सअॅपवरच्या फॉर्मपेक्षा हा आकडा खरा निघतो. आदल्या दिवशीच्या सीमांतपूजनाची, लग्नाच्या जेवणाची आणि रिसेप्शनची माणसं वेगळी मोजा. तिन्हींकडे ५०० धरली की घोटाळा झालाच.

ताटांकडे येते. कार्यालयात स्टीलची ताटं असतीलच, ती वापरा. 'धुवायला पाणी किती जातं!' हा आक्षेप मी नेहमी ऐकते. पाणी जातं ते वाहत्या नळाखाली घासल्यावर. आमच्या बायका मोठी घंगाळी लावतात: आधी उष्टं हाताने पिंपात खरवडून काढायचं, मग साबणाचं घंगाळं, मग विसळण्याची दोन. पहिल्या विसळणीचं पाणी गढूळ झालं की ओतायचं, दुसरीचं तिच्या जागी सरकवायचं आणि शेवटच्या घंगाळात ताजं पाणी घ्यायचं. नळ फक्त शेवटचं घंगाळं भरायला. पण हे करायला माणसं पुरेशी हवीत. दोघींवर पाचशे ताटं टाकली की त्या नळ सोडणारच. वर जादा पैशांचं म्हटलं ते यासाठी.

लॉनवर किंवा शेतावर लग्न असेल आणि स्टील मिळणारच नसेल, तर पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण आपल्याकडे जुने आहेत, केळीची पानं आहेत, उसाच्या चोयट्याच्या प्लेट्सही मिळतात. काही गावांत लग्नकार्यासाठी सामाईक भांडी असतात, बचत गटही भाड्याने देतात, चौकशी करा. कागदी कप मात्र कागदी नसतात. आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा झिरपत नाही. 'कंपोस्टेबल', म्हणजे कुजून खत होणारे, असं लिहिलेले बरेचसे पारदर्शक ग्लास पीएलए या वनस्पतींपासून बनवलेल्या प्लॅस्टिकचे असतात. त्यांना कुजायला ६० अंशांच्या आसपासची, कारखान्यातल्या खतप्रकल्पाची उष्णता लागते. घरामागच्या खड्ड्यात ते जसेच्या तसे राहतात.

पाण्याच्या २०० मिलीच्या बाटल्या ठेवूच नका. माणूस दोन घोट घेतो, बाटली खुर्चीखाली ठेवतो, पुन्हा नवी उचलतो. कचरावेचक बाईला ती प्रत्येक बाटली उघडून, पाणी ओतून, मग पोत्यात टाकावी लागते. जारमधून पिंपात पाणी, स्टीलचे पेले आणि पंगतीत फिरणारा तांब्या. तांब्या फिरवायला घरातली पंधरा-सोळा वर्षांची पोरं लावा, त्यांनाही कामात असल्यासारखं वाटतं.

उरलेलं अन्न द्यायचं असेल तर आदल्या आठवड्यात ठरवा. रॉबिन हूड आर्मीसारखे स्वयंसेवक बऱ्याच शहरांत आहेत, मुंबईत रोटी बँक आहे. जेवणं उरकल्यावर तीन वाजता फोन केला तर गाडी कुठून यायची? द्यायचं ते ताटात न गेलेलं, पातेल्यातलं आणि झाकलेलं, गरमच (६० अंशांच्या खाली बराच वेळ राहिलेलं अन्न धोक्याचं). कोशिंबीर, मठ्ठा, ओल्या नारळाचं काहीही देऊ नका. शिळं अन्न गरिबाला बाधतं तसंच आपल्यालाही बाधलं असतं, एवढं लक्षात ठेवलं की निवड आपोआप होते.

कचरा वेगळा करण्याबद्दल एकच: दोन रंगांचे डबे ठेवून भागत नाही. डब्याशी माणूस उभा हवा. केरळने २०१५ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये 'ग्रीन प्रोटोकॉल' राबवला, तेव्हा भर होता तो टाकाऊ वस्तू मुळात आत येऊ न देण्यावर, आणि मला तोच क्रम पटतो. कार्यालयवाल्याला विचारा, ओला कचरा जातो कुठे? बायोगॅसला, खताला, की घंटागाडीत एकत्र? उत्तर देताना तो घुटमळला तर काय समजायचं ते समजा. मैदानात किंवा सोसायटीच्या आवारात, म्हणजे परवाना नसलेल्या जागी, १०० हून जास्त माणसं जमणार असतील तर महापालिकेला किमान तीन कामाचे दिवस आधी कळवणं आणि कचरा वेगळा करून देणं ही यजमानाची जबाबदारी घनकचरा नियमांनीच ठरवली आहे. हे मंडपवाला सांगणार नाही.

सजावटीत थर्मोकोल २०१८ पासून राज्यात आणि १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, तरी नावं कोरलेली पाटी हळूच येतेच. त्याहून लपलेला प्रकार म्हणजे फुलं खोचायचा हिरवा स्पंज. तो प्लॅस्टिकच आहे, चुरा होऊन मातीत जातो. डेकोरेटरला सांगा, स्पंज नको, माळा हव्यात: झेंडू, शेवंती, निशिगंध. गुलटेकडीच्या फुलबाजारात डिसेंबरात मुबलक मिळतात आणि नंतर थेट खतात जातात. अक्षता थोड्या वाटा. रंग लावायचा तर हळद-कुंकवाचाच.

प्रवासाचं कुणी बघत नाही. नागपूरहून एक गाडी ७०० किलोमीटर चालवत आली तर एका फेरीत शंभर किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. तुमच्या सगळ्या प्लेट्स त्यापुढे किरकोळ. लांबच्या लोकांना रेल्वेची तिकिटं मिळतील इतक्या आधी तारीख कळवा आणि स्टेशनवरून वऱ्हाडाची एक बस ठेवा.

शेवटी व्याह्यांशी आत्ताच बोला. मुलीच्या बापाने ऐनवेळी पदार्थ कमी केले की त्याला कंजूष म्हणतात. दोन्ही घरांनी मिळून पत्रिकेत 'आहेर आणू नये, जेवण साधं आहे' लिहिलं की कुणी काही म्हणत नाही. हे बोलणं मुलीने आणि जावयाने केलं तर आणखी सोपं. आणि विहिणीच्या पंगतीला मात्र अजिबात कात्री लावू नका. केळीचं पान, रांगोळी, उदबत्ती, मोजकी माणसं आणि प्रत्येकीला विचारून वाढलेलं जेवण. आमच्या मोरीवर त्या पंगतीतून जवळजवळ काहीच येत नाही.