‘पिशवीचा कॅन्सर’ आणि दुर्बिणीचा आग्रह

शस्त्रक्रियेपूर्वी नातेवाइकांशी बोलताना एक काळजी माझ्यासमोर फिरून फिरून येते : डॉक्टर पोट उघडून शस्त्रक्रिया करायची म्हणतात, म्हणजे आमच्या माणसाची जुन्या पद्धतीवर बोळवण होते आहे का? सगळ्या आजारांना लागू पडेल असे एकच उत्तर या काळजीला नाही, म्हणून ते एका आई-मुलीच्या निमित्ताने सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई साठीच्या आसपासच्या. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, सुरुवातीच्या अवस्थेतला, गाठ सुमारे तीन सेंटीमीटरची. शल्यचिकित्सकांनी पोटावर छेद घेऊन गर्भाशय आणि त्याच्या आजूबाजूचा भाग काढण्याचा सल्ला दिला होता. मुलगी आत आली तीच मोबाईल पुढे करत. तिच्या मावशीची दोन वर्षांपूर्वी ‘पिशवीच्या कॅन्सर’साठी दुर्बिणीने शस्त्रक्रिया झाली होती, मावशी चौथ्या दिवशी घरात हिंडू लागली होती, आणि ‘तुझ्या आईला एवढा मोठा छेद कशाला, दुसरीकडे दाखवा,’ असे ती रोज फोनवर बजावत होती. मुलीने विचारले, “मॅडम, आजार एकच, मग मावशीला नवीन पद्धत आणि आईला जुनी, असं का? आमचंच काही कमी पडतंय का?” आई हातातल्या फाइलीच्या दोरीशी चाळा करत गप्प बसल्या होत्या.

उपचार ठरवणे हे माझे काम नाही, पण ठरलेला उपचार का ठरला हे समजावून देणे आहे. मी मावशीच्या निदानाची चौकशी केली. त्यांच्या अहवालाचे छायाचित्र मोबाईलमध्येच होते आणि त्यावर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असे स्पष्ट लिहिले होते. बोलताना आपण दोन्हींना ‘पिशवीचा’ म्हणून मोकळे होतो, परंतु मुखाचा आणि अस्तराचा हे दोन निराळे आजार आहेत, आणि दुर्बिणीच्या बाबतीत संशोधनाने त्यांना दिलेली उत्तरेही निराळी आहेत. अस्तराच्या कर्करोगात, सुरुवातीच्या अवस्थेतील 760 स्त्रियांचा एक अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनी आजार न उलटता हयात असलेल्यांचे प्रमाण पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या गटात 81.3 टक्के, तर दुर्बिणीच्या गटात 81.6 टक्के होते, म्हणजे जवळजवळ सारखेच. मावशींना दुर्बीण सुचवणाऱ्यांचे बरोबरच होते.

मुखाच्या कर्करोगातही असेच घडेल, असे बहुतेक शल्यचिकित्सकांना वाटत होते, आणि ते सिद्ध करण्यासाठीच निरनिराळ्या देशांतील 33 केंद्रांत 631 स्त्रियांचा अभ्यास झाला. कोणाला कोणती पद्धत मिळणार हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरवले गेले. सहभागी होणाऱ्या शल्यचिकित्सकांना आपल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियांची न कापलेली चित्रफीत आधी सादर करावी लागे, त्यामुळे नवख्या हातांमुळे निकाल बिघडला असे म्हणायला फारशी जागा उरत नाही. 2018 मध्ये निकाल आला तो उलटाच होता. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या स्त्रिया पोट उघडून शस्त्रक्रिया झालेल्या गटात 96.5 टक्के होत्या आणि दुर्बिणीच्या गटात 86 टक्के. कारणाविषयी अजून तर्कच आहेत : गर्भाशय हलवण्यासाठी आत घातले जाणारे उपकरण, पोटात भरला जाणारा वायू, किंवा योनीमार्ग आतून कापताना गाठीतील पेशी पोटात सांडणे. रोबोटच्या साहाय्याने झालेल्या शस्त्रक्रिया त्या अभ्यासात थोड्याच होत्या, म्हणून त्यांच्यासाठी स्वतंत्र अभ्यास हाती घेतले गेले.

हे सगळे मी मुलीला सांगत होते, आणि त्यात माझी एक चूक झाली. आकडे सांगण्याआधी रुग्णाला ते ऐकायचे आहेत का, हे विचारायचे असा माझाच नियम आहे. मुलीच्या प्रश्नांच्या भरात मी तो मोडला. आईंनी मान वर केली. “म्हणजे पोट उघडून केलं तरी परत येऊ शकतो?” येऊ शकतो, पण थोड्याच जणींचा, असे मी सांगितले आणि थांबले. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “छेदाचं मला काही नाही. हिच्यावर किती दिवस भार पडणार, तेवढं सांगा.”

त्या दिवसाचा खरा प्रश्न हा होता. पोट उघडल्यावर पहिल्या काही दिवसांत दुखते अधिक, खोकताना-उठताना टाक्यांवर हात धरावा लागतो आणि रुग्णालयातील मुक्कामही बहुधा लांबतो. मात्र मुखाच्या कर्करोगाच्या त्या अभ्यासातील स्त्रियांना सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी त्यांच्या रोजच्या जगण्याविषयी विचारले, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक आढळला नव्हता. लघवीची नळी काही दिवस राहणार होती, आणि त्याचा दोष छेदाच्या लांबीकडे जात नाही. गर्भाशयाबरोबर जो बाजूचा भाग काढतात त्यातून मूत्राशयाच्या नसा जातात, म्हणून दुर्बिणीनेही ती चुकली नसती. हे आधी कोणी सांगितले नाही तर नळी पाहूनच घरचे लोक हबकतात, असा माझा अनुभव आहे.

मुलीच्या मनातली बोच मात्र तशीच होती. उद्या काही झाले तर ‘सांगितलं होतं ना’ असे मावशी म्हणेल, ही तिची धास्ती. तिला मी दुसरे मत घेण्यापासून परावृत्त केले नाही. घ्यावे, पण ‘दुर्बीण करता का’ असे विचारत फिरू नये, एवढेच सुचवले. त्याऐवजी ही शस्त्रक्रिया तुम्ही वर्षाला किती करता, गुंतागुंत किती जणींना होते, असे विचारावे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात स्थूलतेवरील एकच शस्त्रक्रिया करणाऱ्या 20 शल्यचिकित्सकांच्या चित्रफिती त्यांच्याच व्यवसायबंधूंनी नावे न कळता तपासल्या होत्या. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात सर्वांत कमी कौशल्याच्या गटात गुंतागुंत 14.5 टक्के, तर सर्वाधिक कौशल्याच्या गटात 5.2 टक्के होती. पद्धत तीच असताना केवळ हातामुळे एवढे अंतर पडते, आणि नातेवाईक हे सहसा विचारतच नाहीत, संकोचतात.

तिने विचारले. शल्यचिकित्सकांनी न चिडता उत्तरे दिली, आणि दहा दिवसांनी पोट उघडूनच शस्त्रक्रिया झाली. टाके काढण्याच्या दिवशी दोघी माझ्याकडे डोकावल्या. मावशीचे फोन थांबले का, असे मी हसत विचारले. थांबले नव्हते, आता तिने शेजारच्या कोणा बाईंना मुलीचा नंबर दिला होता. “त्यांनाही पिशवीचाच आहे म्हणे,” मुलगी म्हणाली, “मी आधी रिपोर्ट पाठवा म्हटलं, मुखाचा की अस्तराचा ते बघून मग बोलू.”