गाडीचा काढून ठेवलेला पार्ट

प्रश्न : ताई, माझी मुलगी अकरावीत आहे. ‘ट्वायलाइट’ या इंग्रजी प्रेमकादंबरीचे चारही भाग तिने दोनदा वाचलेत, शिवाय रात्री मोबाइलवर मराठी प्रेमकथांच्या मालिका चालू असतात. त्यात हिरो दंडाला धरून ओढतो, हिरोईनने कुणाशी बोलायचं ते ठरवतो. परवा ती मैत्रिणीला सांगत होती, “क्लासमधला तो मला दुसऱ्या कुणाशी बोलूच देत नाही, खूप पझेसिव्ह आहे!” आवाजात केवढं कौतुक! पुस्तकं काढून घेऊ का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नका घेऊ. कॉलेज रोडला मी बावीस वर्षं लायब्ररी चालवली. आयांनी बंद केलेली पुस्तकं मुली मैत्रिणीच्या नावावर न्यायच्या, एवढाच फरक पडायचा. आणि हे इंग्रजी पुस्तकांचंच खूळ आहे असंही समजू नका. माझ्याकडच्या जुन्या मराठी कादंबऱ्यांत नायक थोबाडीत द्यायचा आणि पुढच्याच पानावर नायिकेला त्याचं प्रेम उमगायचं. ती पानं हाताळून हाताळून सुटी झालेली असायची. मीही ती मिटक्या मारत वाचलीत.

एकोणीस वर्षांची असताना एकजण सीबीएसपासून पंचवटीपर्यंत माझ्या बसमागे सायकल दामटत यायचा. आठवडाभर मी हवेत होते. मग एकदा त्याने गाठून विचारलं, “काल साडेपाचच्या बसला का नव्हतीस?” तेव्हा पोटात जो गोळा आला, त्याबद्दल एकाही कादंबरीत वाचलं नव्हतं.

तुमच्या मुलीच्या पुस्तकाकडे येऊ. पहिल्या भागात (२००५) नायक एडवर्ड रात्री नायिका बेलाच्या खोलीत शिरून तिला झोपलेली बघत बसतो, तिला पत्ताही नसतो. तिसऱ्यात (२००७) तिने मित्राला भेटायला जाऊ नये म्हणून तो तिच्या गाडीच्या इंजिनाचा पार्टच काढून ठेवतो. पुढे तो माघार घेतो, हेही खरं. लेखिकेवर अन्याय नको. पण गोष्ट सांगते बेला, आणि ती त्याच्यावर भाळलेली. त्यामुळे आपणही तिच्याच डोळ्यांनी बघतो. शिवाय तो शेवटी तिचं भलंच करणार, याची हमी लेखिकेने आधीच घेतलेली असते. क्लासच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या मुलाची हमी कोण घेणार?

म्हणून तिसरा भाग तुम्हीही वाचा. नाक न मुरडता. गाडीचा प्रसंग आला की तिला म्हणा, एडवर्डच्या जागी तुला न आवडणारा एखादा मुलगा ठेव आणि तुझ्या स्कूटीचा प्लग काढून ठेवलाय असं समज. मग गप्प बसा. पुढचं ती बोलेल. कदाचित चार दिवसांनी, भांडी आवरताना.

क्लासमधल्या मुलाचं मात्र वेगळं बघा, त्याचा दोष पुस्तकावर ढकलून चालणार नाही. तिने “नाही” म्हटलं की तो काय करतो, हे विचारा. रुसतो आणि विसरतो, की पासवर्ड मागतो, लोकेशन चालू ठेवायला लावतो, “कुठे आहेस, फोटो पाठव” म्हणतो, जिवाचं बरंवाईट करीन अशी धमकी देतो? यातलं काही असेल तर थांबू नका. मुलीने स्पष्ट नको म्हटल्यावरही पुरुषाने पुन्हापुन्हा संपर्क साधणं, तिच्या फोन-इंटरनेटवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती अठराच्या आतली आहे, तेव्हा १०९८ या हेल्पलाइनवरही बोलता येईल. पण पोलिसांचं नाव पहिल्याच वाक्यात काढू नका, ती तोंड मिटून घेईल.

आणखी एक. मैत्रिणीशी चाललेलं बोलणं तुमच्या कानावर कसं आलं, ते पत्रात नाही. दाराआड उभं राहून ऐकलं असेल किंवा तिचा फोन उघडला असेल, तर बोलायला बसण्याआधी तिला ते सांगून टाका.