एका महिन्याचा पगार की कपातीचं पत्र?

प्रश्न: सहा वर्षं एका कारखान्यात पॅकिंग मशीनवर काम करते. पगार महिना १८,०००. ऑर्डरी घटल्या म्हणून आम्हा आठ जणींना कमी करणार आहेत. एचआरवाले म्हणतात, राजीनामा लिहून द्या. एक महिन्याचा पगार जास्तीचा देऊ, ग्रॅच्युइटी देऊ आणि रेकॉर्डही स्वच्छ राहील. नवऱ्याचं म्हणणं, भांडत बसण्यापेक्षा पैसे घे आणि पीएफ काढून टाक. सही करू का?

उत्तर: ताई, नवी नोकरी हातात नसेल तर करू नका.

तुम्हाला जे देऊ म्हणतायत ते आधी सोलून बघू. ग्रॅच्युइटी पाच वर्षं पूर्ण झाल्यावर तुमच्या हक्काचीच आहे, तुम्ही राजीनामा द्या किंवा ते तुम्हाला कमी करोत. ती यादीत घातली आहे ती यादी लांब दिसावी म्हणून. जास्तीचा एक पगार? वर्षाहून जास्त काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तितका पगार द्यावाच लागतो. म्हणजे जे कायद्यानं द्यायचं तेच उपकार म्हणून समोर ठेवलंय.

आता जे बोललेच नाहीत ते. कपातीत प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार नुकसानभरपाई म्हणून मिळतो. सहा वर्षांचे किमान ५४,००० होतात. राजीनामा दिलात की हे शून्य.

आणि खरा मोठा आकडा ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा आहे. तुमच्या पगारातून दरमहा ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. बहुतेकींना यातून फक्त दवाखाना आठवतो. पण याच वर्गणीवर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना चालते: कारखाना बंद पडला किंवा कपात झाली, तर पहिले १२ महिने पगाराच्या ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के भत्ता. तुमच्या पगारावर महिना साधारण ९,००० आणि नंतर ४,५००. भत्ता चालू असेपर्यंत घरच्यांचे औषधोपचारही चालू राहतात. नवी नोकरी लागली की भत्ता थांबतो.

दुसरी, अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, आयुष्यात एकदाच आणि जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी आहे. मागच्या चार वर्गणी-कालावधींची, म्हणजे सहा-सहा महिन्यांच्या चार टप्प्यांची, कमाई भागिले ७३० दिवस, त्याच्या निम्मे रोजचे. तुमचे २४ पगार ४,३२,००० होतात. रोज २९६ रुपये, तीन महिन्यांचे सुमारे २६,६००. नोकरी गेल्यावर ३० दिवसांनी थेट स्वतः अर्ज करता येतो, मालकामार्फत जावं लागत नाही. हिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाआधी ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात चौकशी करा. दोन्ही एकदम मिळत नाहीत. तुमच्याकडे कपातीचं पत्र असेल तर पहिलीच मागा.

गैरवर्तनासाठी काढलेल्याला किंवा स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला या दोन्ही योजनांतलं काही नाही. म्हणून राजीनाम्यावर सही नको.

मालक ईएसआयसीच्या पोर्टलवर महिन्याची वर्गणी भरताना तुमच्या नावापुढे कारणही निवडतो. ‘नोकरी सोडली’ आणि ‘कपात’ हे तिथे वेगवेगळे पर्याय आहेत. तुमची सही असलेला राजीनामा त्यांच्या फायलीत असेल, तर पहिला पर्याय निवडायला त्यांना कोण अडवणार? नंतर शाखेत जाऊन ‘माझ्याकडून लिहून घेतलं’ म्हणणं फार जड जातं. ‘सही नाही केलीत तर गैरवर्तन लावू’ अशी धमकी आली तर घाबरू नका. त्यासाठी आरोपपत्र आणि चौकशी लागते, तोंडी सांगून होत नाही. आणि जाता जाता हेही बघा की तुमच्यानंतर त्याच कामावर लागलेल्या किती जणी राहतायत. कपातीत शेवटी आलेली आधी जाते, हा नियम आहे.

पीएफबद्दल यजमानांना सांगा, थोडं थांबू. खात्यावर व्याज मिळत राहतं. सहा वर्षं झाल्यामुळे काढताना कर लागणार नाही हे खरं, पण पेन्शनचा भागही काढलात तर पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांतली ही सहा वर्षं पुसली जातात. नुकसानभरपाई आणि नोटीसच्या पगारावर घर किती महिने निघतं ते आधी मांडा. भत्ता मंजूर व्हायला वेळ लागू शकतो, तो पहिल्या महिन्याच्या खर्चात धरू नका.

दुसरीकडे नोकरी पक्की असेल, पत्र हातात असेल, तर गणित बदलतं. भत्त्याचा प्रश्नच उरत नाही. मग ५४,००० च्या बदल्यात ते किती देतात यावर घासाघीस करा. एका पगारावर मात्र तेव्हाही मी सही केली नसती.

उद्या बोलावलं तर एका कागदावर एवढंच लिहून न्या: ‘मी राजीनामा देत नाही. कमी करायचं असल्यास कारणासह लेखी पत्र द्यावं.’ पोच घ्या. नाही दिली तर तोच कागद स्पीड पोस्टानं पाठवा. ईएसआयसीमध्ये आधार आणि बँक खातं जोडलेलं आहे का, ते या आठवड्यातच बघून घ्या. नावात एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज अडकू शकतो. आणि बाकीच्या सात जणींना आजच फोन करा. एकीनं जरी आधी सही केली, तरी उरलेल्यांना तोच कागद दाखवतील.