वळणावर घसरणारे इंजिन

प्रश्न : गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आठ बाय चारच्या प्लायवूडवर मी एचओ मापाचा (खऱ्याच्या १/८७ आकाराच्या प्रतिकृतीचा) लंबगोल लोहमार्ग पौषात बसवला. वळणाची त्रिज्या १८ इंच आहे. सहा आसांचे डिझेल इंजिन तेव्हा सुरळीत धावत होते; चैत्रापासून मात्र दुपारी ते एकाच वळणावर घसरते, रात्री क्वचितच. चार आसांचे शंटिंग इंजिन तेथूनच बिनतक्रार जाते. चाकांच्या कडा घासाव्यात, की इंजिनात वजन घालावे?
— एक वाचक, परभणी

उत्तर : कानस आधी खाली ठेवा. चाकाची कड एकदा घासली गेली की ती परत येत नाही, आणि आपल्या पत्रावरून तरी मूळ दोष चाकात दिसत नाही. चाकांचा दोष असता तर इंजिन कोठेही, कोणत्याही प्रहरी घसरले असते. ते एकाच जागी आणि तेही उन्हाच्या वेळी घसरते, म्हणून संशय रुळांवर जातो.

निकल-सिल्व्हरचा रूळ २५ अंशांच्या तापमानवाढीने दर मीटरला साधारण ०.४ मिमी लांबतो. आपल्या मांडणीची एकूण लांबी पाच मीटरच्या आसपास भरेल, म्हणजे थंडीत सांधे घट्ट भिडवून खिळे पक्के ठोकले असतील तर वैशाखातल्या दुपारी सुमारे दोन मिलिमीटर वाढीला जागाच उरत नाही, आणि ती वाढ वळणावर बाहेरच्या बाजूला रेटा देऊन एखाद्या सांध्यात कोपर काढते. खऱ्या लोहमार्गावरही उन्हाळ्यात याच भीतीने गस्त घातली जाते. दुपारी डोळा रुळाच्या पातळीवर आणून वळणाकडे पाहा. ते कोपर दिसेल. दिसले नाही, तर आतल्या कडेवरून नख हलकेच फिरवा, सांध्यावर ते अडखळेल.

लहान इंजिन मात्र का निसटते? त्याच्या प्रत्येक बोगीत (इंजिनाखालच्या, स्वतंत्रपणे वळणाऱ्या चाकांच्या गाड्यात) दोनच आस असल्याने ते कोपरातून वळून जाते. तीन आसांच्या बोगीत मधला आस आडवा थोडा सरकला नाही, तर कडेची चाके रुळावर चढतात. शिवाय १८ इंच त्रिज्या म्हणजे खऱ्या लोहमार्गाच्या मापात अवघे ४० मीटर. भारतीय ब्रॉडगेजवर किमान त्रिज्या १७५ मीटर धरली जाते. या वळणावर ते इंजिन आधीच तडजोड करून चालते, हे लक्षात ठेवावे.

दुरुस्तीसाठी कोपराच्या दोन्ही बाजूंचे दोन-तीन खिळे काढा, सांधा मोकळा करा आणि रूळ वळणात नीट बसल्यावर खिळे स्लीपर न दाबता, केवळ टेकतील इतकेच ठोका. हे काम भर दुपारी केलेत तर फट ठेवण्याची गरज नाही. सकाळच्या गारव्यात केलेत तर दर मीटरला पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवा. त्याच वेळी व्हर्नियर कॅलिपरने दोन्ही रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर मोजा. ते १६.५ मिमीहून कमी भरले, तर तेथील स्लीपर वाकलेले किंवा खिळ्याने पिळलेले असतील, ते बदलावेत.

एवढ्यावरही घसरण थांबली नाही, तरच इंजिन उलटे करून पाहा. एका आसावरच्या दोन चाकांच्या पाठींमधले, म्हणजे आतल्या बाजूंमधले अंतर सर्व आसांवर सारखे, साधारण १४.४ मिमी असावे. बोगी बोटाने फिरवताना मोटरची तार तिला मागे ओढत नाही ना, हेही तपासा. हा दोष फार वेळा आढळतो आणि तार थोडी सैल केली की मिटतो. वजनाचा विचार सर्वांत शेवटी करावा, कारण जड झालेले इंजिन कोपरावर चढणार नाही असे नाही, ते पडताना आवाज मात्र मोठा करील.

दुरुस्तीची परीक्षा रात्री घेऊ नका. दुपारी दोनच्या सुमारास, खोली पुरती तापलेली असताना, इंजिन हळू वेगाने दोन्ही दिशांनी वीस-पंचवीस फेऱ्या चालवा.