बेरीच्या वाट्या

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये वहीचा एक कागद होता, चार घड्या घातलेला. "बोलताना विसरेन म्हणून लिहून आणलंय, मॅडम," असं म्हणून त्यांनी तो माझ्यापुढे सरकवला. वर्षभरात मुलांना ज्या ज्या गोष्टीला 'नाही' म्हटलं, त्यांची ती यादी होती. स्केटिंगचा क्लास. मुलीचे कंपनीचे बूट. दिवाळीत गोवा. दर शनिवारी बाहेरून पिझ्झा. एकूण एकवीस गोष्टी. सगळ्यांत खाली दोनदा गिरवलेली एक ओळ: 'मोठीने विचारलं, आई, आपण गरीब आहोत का?'

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न घेऊन माझ्याकडे ठाण्यातल्या कितीतरी आया येतात. शब्द वेगळे असतात, चिंता एकच: आपण जपून खर्च करतो म्हणून मुलं मागे पडतील, मनातून खट्टू होतील, मोठेपणी आपल्याला दोष देतील. म्हणून यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते आहे. मी त्यांना ताईच म्हणत असे, इथेही तसंच म्हणते.

ताई लग्न होऊन आल्या त्या कळव्यातल्या दोन खोल्यांत. तीन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळच्या टॉवरमध्ये घर घेतलं. यजमान वागळे इस्टेटमध्ये नोकरीला, ताई घरी ब्लाउज शिवतात, फॉल-पिको करतात. घराचा हप्ता भरला की पगारातलं निम्म्याहून थोडंच जास्त उरतं. महिन्याचा किराणा जांभळी नाक्यावरून, ट्रॉलीची पिशवी ओढत टीएमटीच्या बसने. उन्हाळ्यात कुरडया, पोह्याचे पापड. जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या. रात्रीच्या उरलेल्या पोळ्यांची सकाळी फोडणीची पोळी, नाहीतर गूळ-तूप घालून लाडू.

कळव्यात या कशालाही काटकसर म्हणत नव्हते. सगळ्या गॅलरीत एकाच वेळी पापड वाळत असत. टॉवरमध्ये तीच गोष्ट एकटी पडली. पहिल्या दिवशी ताईंचं ऐकताना मला हे फार जाणवलं. त्यांचं घर चालवणं जराही बदललं नव्हतं, शेजार तेवढा बदलला होता. आता मुलीच्या डब्यातला पोळीचा लाडू बघून मैत्रीण विचारते, 'हे शिळ्याचं आहे का?', आणि ताईंना रात्रभर झोप लागत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी जाता जाता, दाराशी उभं राहून सांगितली. महत्त्वाचं ते बहुतेक वेळा दाराशीच येतं. धाकट्याचा आठवा वाढदिवस त्यांनी मॉलमधल्या गेम झोनमध्ये केला होता. बावीस मुलं, एकोणीस हजार रुपये, क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी. घरी आकडा अर्धाच सांगितला. "मुलगा खूश झाला का?" मी विचारलं. "खूप. आठ दिवस तेच चाललं होतं. मग विचारायला लागला, पुढच्या वर्षी कुठे करायचा?"

त्यांना वाटत होतं की मुलगा हावरट होतोय. तसं नव्हतं. माणसाचं मन नव्या सुखाला फार लवकर सरावतं. फिलिप ब्रिकमन आणि डोनल्ड कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी 1971 साली याची तुलना ट्रेडमिलशी केली होती: चालत राहायचं आणि होतो तिथेच राहायचं. एकोणीस हजारांचा आनंद खोटा नव्हता. पण पुढच्या वर्षी तेवढाच आनंद हवा तर खर्च वाढवावा लागणार होता, आणि ताई आताच हप्त्यांत होत्या.

त्या दिवशी माझी एक चूक झाली. मी म्हटलं, "मुलांना घराचा जमाखर्च मोकळेपणाने सांगा, मोठी बारा वर्षांची आहे, तिला कळेल." सल्ला चुकीचा नव्हता, पण ताई तो कोणत्या मनःस्थितीत अमलात आणतील याचा मी विचार केला नाही. त्यांनी त्याच रात्री मुलीला बसवून हप्त्याचा आकडा, विजेचं बिल, सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता रडल्या. पुढच्या आठवड्यात शाळेच्या सहलीची नोटीस मुलीच्या दप्तरात तळाशी चुरगळलेली सापडली. पैसे मागायला नकोत म्हणून तिनेच ती लपवली होती.

ताई हे सांगायला आल्या तेव्हा माझ्याही पोटात कालवलं. मुलीला आकडे किती समजले कोण जाणे, आईचा चेहरा मात्र पुरता समजला होता. हिशेब सांगणं वेगळं आणि हिशेबाचं ओझं पोराच्या खांद्यावर ठेवणं वेगळं. म्हणून आधी आईच्या मनाकडे वळायला हवं होतं.

आम्ही समुपदेशक ज्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करतो ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडायला सुरुवात केली. तिचा गाभा मी ताईंना त्यांच्याच कागदावरून समजावला. 'मुलांना स्केटिंग शिकता आलं असतं तर बरं झालं असतं' ही इच्छा आहे. ती दुखते, पण तिच्यासकट जगता येतं. 'इतरांच्या मुलांना मिळतं ते माझ्या मुलांना मिळालंच पाहिजे, नाहीतर मी आई म्हणून कमी पडले' ही मात्र मागणी झाली, आणि तिला तळ नसतो. मी त्यांना एकवीसही ओळी मोठ्याने वाचायला सांगितल्या, दरवेळी 'म्हणून मी वाईट आई' हे जोडून. सातव्या ओळीला, पिझ्झाच्या, त्या थांबल्या. "हे काहीतरीच वाटतंय," म्हणाल्या. पुढच्या ओळी आम्ही वाचल्या नाहीत.

मग मी एक काम दिलं. दोन आठवडे फक्त बघायचं: न बोलावता मुलं कशासाठी धावत येतात? विचारायचं नाही, लिहून ठेवायचं.

माझी स्वतःची अपेक्षा होती की तलावपाळी येईल. दर रविवारी संध्याकाळी हे चौघं बस धरून मासुंदा तलावाला जायचे, फेरी मारून भेळ खायची. ताईंच्या मते घराचा सगळ्यांत मोठा आनंद तोच. दोन आठवडे नीट पाहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मोठी तिथे कंटाळते. साधं आणि स्वस्त आहे म्हणून ते मुलांना आवडलंच पाहिजे, असं काही नसतं. हेही आपण मान्य करायला हवं.

मोठीला आवडत होतं ते जांभळी नाका. आईबरोबर किराण्याला जाणं, डाळीचा भाव विचारणं, शेंगदाणे हातात घेऊन कुबट नाहीत ना बघणं, ट्रॉली ओढणं आणि शेवटी स्टेशनजवळ कुंजविहारचा वडापाव दोघींत एक. ताईंना वाटायचं बिचारी राबते. पोरगी त्या दिवशी घरातली मोठी बाई झालेली असायची.

आणि दोघांच्या नावापुढे एक गोष्ट होती: तूप कढवणं.

आठवड्याची साय विरजून रविवारी सकाळी ताई ताक घुसळतात. लोणी पातेल्यात चढलं की आधी चुरचुर आवाज येतो, मग तो हळूहळू कमी होतो, तूप नितळ होतं आणि विड्याचं पान टाकलं की घरभर वास सुटतो. धाकटा त्या वासाने अंथरुणातून उठतो. तूप गाळलं की पातेल्याच्या तळाशी राहते ती बेरी, तपकिरी, खमंग. तीत साखर घालून दोन वाट्या भरायच्या. वासाचे संदेश मेंदूत भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत अगदी जवळच्या वाटेने पोचतात, हे मी ताईंना सांगितलं. ही मुलं चाळिशीत कुठेही असली तरी कढत्या तुपाच्या वासाने त्यांना मानपाड्याचं स्वयंपाकघर आठवेल, हे मी अगदी खात्रीने म्हणाले.

"आणि आठवड्यातून एकदाच होते म्हणून तर एवढी गोडी," ताई स्वतःच म्हणाल्या. खरंय. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना आठवडाभर चॉकलेट वर्ज्य करायला सांगितलं होतं, तर काहींना जवळजवळ किलोभर चॉकलेट देऊन हवं तेवढं खा म्हणून सांगितलं होतं. आठवड्यानंतर पुन्हा चॉकलेट दिलं तेव्हा वर्ज्य करणाऱ्यांनी ते जास्त चवीने खाल्लं. अक्षय्य तृतीयेपर्यंत आंब्याला हात न लावणाऱ्या घरांत हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मी सहज विचारलं, "तुमची बेरी?"

"माझी कुठली? दोघांनाच जेमतेम पुरते."

इथे मी पेन खाली ठेवलं. कारण मला जे इतके दिवस सापडत नव्हतं ते हेच होतं. जांभळी नाक्याचा वडापाव दोघींत एक, त्यातलाही मोठा वाटा मुलीला. लाडू मोजून मुलांना. नवी उबदार गोधडी मुलांना, स्वतःला विरलेली. ताई घरातला प्रत्येक आनंद स्वतः बनवत होत्या आणि स्वतःचं पान रिकामं ठेवत होत्या. मुलं हे बघतात. आई खात नाही म्हणजे घरात काहीतरी कमी आहे, एवढा अर्थ बारा वर्षांची मुलगी नक्की काढते. 'आपण गरीब आहोत का?' हा प्रश्न मैत्रिणीच्या बुटांवरून आला असं ताई समजत होत्या. मला वाटतं, त्याचं निम्मं मूळ त्या दोन वाट्यांत होतं.

काम दिलं: पुढच्या रविवारी वाट्या तीन. आणि खायची ती मुलांबरोबर बसून, ओट्याशी उभ्याने नाही. चुकूनसुद्धा 'बाहेरचं परवडत नाही ना, म्हणून हे' असं काहीही बोलायचं नाही. माफी मागत वाढलेली बेरी मुलाला दुय्यमच लागणार.

एकवीस ओळींचं काय केलं तेही सांगते. त्यातली एक मी वेगळी काढली. मुलीला फळ्यावरचं नीट दिसत नाही अशी ती नोंद होती, डोळे तपासणं पुढे ढकललेलं. तिच्या जोडीला यादीत नसलेली दुसरी गोष्ट घेतली, सहल. या दोन्ही ठिकाणी मी ठामपणे म्हटलं की इथे जपून खर्च करणं नाही चालणार. त्याच आठवड्यात चष्मा आला, सहलीचे पैसे भरले. उरलेल्यांतून मुलांनी वर्षाला प्रत्येकी एक निवडायची असं ठरलं. धाकट्याने स्केटिंग निवडलं नाही, पिझ्झा निवडला, वाढदिवसाला, चार मित्रांसह घरी. मोठीने बूटच निवडले, त्यावर ताई थोड्या खट्टू झाल्या. मी म्हटलं, निवडू दे. तिची इच्छा खरी आहे, तिला हसायचं किंवा उपदेश करायचा नाही.

कार्डाचं मात्र घरी सांगावं लागलं. ते अवघड गेलं. यजमान दोन दिवस बोलले नाहीत. मग त्यांनी दिवाळीच्या बोनसमधून उरलेली रक्कम एकदम भरायची ठरवली आणि कार्ड कपाटात गेलं.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. काय बोलायचं ते आम्ही दोघींनी मिळून जुळवलं, पण ताईंनी ते स्वतःच्या शब्दांत सांगितलं: "नाही गं. आपले पैसे मोजके आहेत आणि त्यातले बरेचसे या घरात गेलेत. काही गोष्टींना मी नाही म्हणेन. तुला लागेल त्याला नाही म्हणणार नाही. पैशांची काळजी आई-बाबा करतात, तू नोटीस लपवायची नाहीस." मुलगी एवढंच म्हणाली, "बरं. मग या रविवारी साखर मी घालू?"

शेवटच्या भेटीला ताई आल्या तेव्हा हातात कागद नव्हता. मी बेरीचं विचारलं. म्हणाल्या, वाट्या आता चार झाल्यात. तिसरी बघून यजमानही स्वयंपाकघरात येऊन बसायला लागले. वाटणी मोठी करते, चष्मा लावून, चमच्याने मोजून.

"पुरते का?"

"चमचा चमचा येते प्रत्येकाला," ताई म्हणाल्या. "मला थोडी जास्त घालते ती. मी बघते, बोलत नाही."