खानापूरच्या ताईंसाठी: इंग्लंडात ‘इन्चार्ज’ व्हायचं म्हणजे काय

ताई, तुम्ही विचारलंय की खानापुरात आठ वर्षं वॉर्ड इन्चार्ज होते, आता इंग्लंडात नर्सिंग होमला (इकडं म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं राहायचं घर, जिथं नर्स असते) नर्स म्हणून जायचं चाललंय, तर पुढं टीम लीडर व्हायला काय लागतं. मी बेळगाव वडगावची, सात वर्षं झाली इकडं, आता एका युनिटची लीड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कागदांचं पटकन सांगते. ओईटी (इंग्रजीची परीक्षा) आणि सीबीटी (नर्सिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा) तिकडंच होतात, ऑस्की (हातानं काम करून दाखवायची परीक्षा) इकडं आल्यावर. एजंटाला नोकरी लावायचे म्हणून पैसे देऊ नका, इथल्या नियमात उमेदवाराकडनं तशी फी घ्यायचीच नाही. केअर वर्करची (नर्स नव्हे, आंघोळ-जेवणाला मदत करणारे) बाहेरून भरती जुलै 2025 पासून बंद झालीय, नर्सचं वेगळं आहे, म्हणून ऑफर लेटरवर पद काय लिहिलंय ते नीट बघा.

आता मेन गोष्ट. मी तिकडं जिथं काम केलं तिथं इन्चार्ज म्हणजे राऊंडला सगळं चकाचक, मोठ्या डॉक्टरांपुढं चूक दिसू द्यायची नाही आणि मागनं ज्युनिअरला झापायचं, मी पण तेच करायची. इथं तिसऱ्या महिन्यात माझ्याकडनं एका आजोबांना बीपीची गोळी दुसऱ्यांदा दिली गेली, आधीच्या नर्सनं चार्टवर सही केली नव्हती आणि मी विचारलं नाही. हात थरथरत होते बगा. मॅनेजर म्हणाली आधी बीपी बघ, डॉक्टरला फोन लाव, मग त्यांच्या मुलीला तू स्वतः सांग. आजोबा ठीक राहिले. दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलताना हँडओव्हरला मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाली, ‘औषधाच्या राऊंडला फोनही त्याच नर्सनं उचलायचा ही व्यवस्था माझी होती, ती चूक माझी.’ मग राऊंडच्या वेळी घालायचं लाल जॅकेट आलं, ते अंगावर असलं की नर्सला कुणी हाक मारायची नाही. त्या दिवसापासनं मी कुठलीच चूक लपवली नाही.

इथं यामागं इतिहास आहे. मिड स्टॅफर्डशायरच्या हॉस्पिटलांत पेशंटचे फार हाल झाले, 2013 ला रॉबर्ट फ्रान्सिस या वकिलांचा चौकशी अहवाल आला, आणि मग गंभीर इजा झाली तर पेशंटला, घरच्यांना खरं सांगणं कायद्यानंच आलं, 2015 पासून नर्सिंग होमसारख्या केअर होमलाही.

दुसरं म्हणजे समोरच्याचं ‘नको’. आपण मायेनंच म्हणतो, चला आजी, आंघोळ करायची, उठा. इथं 2005 चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट आहे, निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटला नाही म्हणून त्या माणसाला समजत नाही असं धरायचं नाही. आमच्या एक आजी सकाळी आंघोळीला नकोच म्हणायच्या, नव्या केअररनं नुसतं विचारलं कधी आवडेल, तर म्हणाल्या रात्री, गिरणीत कामाला असताना रात्रीच करायचे. तिनं हे विचारलं कारण आदल्या आठवड्यात मी तिच्यासमोर दुसऱ्या आजोबांना तसंच विचारलं होतं. टीम बघत असते ताई, बोर्डावर काय लिहिलंय ते कोण वाचत नाही.

आणि तुमची एक गोष्ट आधीच पक्की आहे. बैलहोंगलकडचा पेशंट आला की तुम्ही मोडक्या कन्नडात का होईना ‘ऊट आतेन्री’ (जेवण झालं का) विचारता, आणि त्याचा चेहरा सैल पडतो. इथल्या टीममध्ये केरळ, नायजेरिया, फिलिपिन्स, सगळीकडची माणसं असतात, इंग्रजी बऱ्याच जणांची आईची भाषा नाही, तिथं हे फार उपयोगी पडतं.

इंटरव्ह्यूला चुकीबद्दल विचारतातच. तुमची एक खरी चूक, नंतर काय बदललंत, सगळं एका पानावर मराठीतच लिहून पाठवा, इंग्रजी करायला मी बसते तुमच्यासोबत.